आधी दारात सांग

मला तोमिए-सानचा हेवा वाटतो. ‘वाटायचा’ असं लिहिलं असतं तर शोभून दिसलं असतं, पण खोटं कशाला लिहू? आजही वाटतो. आता मी तोक्योत एदोगावाला राहते. रोज संध्याकाळी इथल्या खांबावरचा भोंगा मुलांना घरी जा म्हणून सांगतो आणि एकही माणूस मान वर करत नाही. तेव्हा हटकून मनात येतं, ही बाई बोलली असती तर अख्खा रस्ता थांबला असता. माझ्यासाठी आजवर कोण थांबलंय?

मी पत्रकं लिहिणारी. पुण्यात कॉलेजात असताना वसतिगृहाच्या पाण्यापासून परीक्षेच्या फीपर्यंत एकही विषय मी सोडला नाही. वर प्रश्नचिन्हाचा मथळा, मध्ये तीन मागण्या, खाली ‘जाहीर निषेध’. ही सवय घेऊनच मी सेंदाईला पीएचडीला आले. विषय समुद्री शेवाळ. त्यामुळे विद्यापीठाने मला किनाऱ्यावरच्या एका मासेमारीच्या गावात, त्यांच्या छोट्या प्रयोगशाळेत पाठवलं. तीन वर्षं तिथे काढली. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना विचारलेलं नाही, आणि न विचारता नाव घेतलं की काय होतं हे मी तिथेच शिकले.

त्या गावातून टेकडीवरच्या वस्तीला वळसा घालून हॉस्पिटलला जाणारी एक बस होती. प्रवासी कमी म्हणून ती बंद करायचं नगरपालिकेने ठरवलं आणि ते गावच्या मासिक पत्रिकेत, शेवटच्या पानावर, कचऱ्याच्या वेळापत्रकाखाली छापलं. माझं डोकंच फिरलं. टेकडीवर राहतात कोण? सत्तरीच्या पुढचे. त्यांनी हॉस्पिटलला काय पोहत जायचं? मी रातोरात पत्रक लिहिलं, ‘वृद्धांना घरात कोंडण्याचा डाव!’, प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकडून जपानी तपासून घेतलं आणि सुपरमार्केटच्या दारात उभी राहिले. म्हाताऱ्या बायका पत्रक दोन्ही हातांनी घ्यायच्या, वाकून आभार मानायच्या, घडी घालून पिशवीत ठेवायच्या. पुढच्या गुरुवारी रद्दी कागदाचा दिवस होता. कोपऱ्यावर सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांत माझी पत्रकं निघाली. एकही चुरगळलेलं नव्हतं. कुणी फाडून फेकलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आणि ज्याला त्याला विचारलं की एकच उत्तर, “तोमिए-सानला सांगितलंस का?”

तोमिए-सान म्हणजे गावाचा रेडिओ. हे मी शोभेसाठी म्हणत नाही. बंद पडलेल्या तोफूच्या दुकानावर एक खोली, छपरावर एक अँटेना, यंत्र सांभाळायला पन्नाशीचा भाचा काझुया आणि बोलायला ही चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. इतकंच स्टेशन. भरतीची वेळ, कुणाचं मांजर हरवलं, कुणाच्या घरी कोण वारलं, सार्वजनिक स्नानगृहाचा बंब बिघडला. मासळी घेताना जो आवाज, तोच माइकवर. मी ऐकलं आणि मनात म्हटलं, ही बाई? हिला साधा चढउतार देता येत नाही!

जिना इतका उभा होता की वर पोहोचेपर्यंत धाप लागायची. मी पत्रक पुढे केलं तर तिने आधी उशी पुढे केली. “बस. दमलेला माणूस जास्त बोलतो.” मग चहा. मग तांबडी पेन्सिल. माझ्यादेखत तिने माझं पत्रक कापायला सुरुवात केली. ‘डाव’ गेला. ‘कोंडण्याचा’ गेलं. ‘निर्दयी’ गेलं. शेवटी उरलं काय, तर बसचा मार्ग, सुटण्याच्या वेळा आणि बंद होण्याची तारीख.

“एवढं वाचते,” ती म्हणाली.

“आणि बाकीचं?”

“बाकीचा तुझा राग आहे. तो मी कसा वाचणार? वाहतूक विभागाच्या एंदो-सानला निर्दयी म्हणायचंय ना तुला? भेटलीयेस त्याला?”

“नाही.”

“मग आधी त्याच्या दारात जाऊन म्हण. मग माइक देते.”

मी तणतणत जिना उतरले. एंदो-सानकडे गेले नाही. भेटले असते तर त्याला निर्दयी म्हणता आलं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

‘आधी दारात सांग’ हा त्या घराण्याचा नियम. तो आला कुठून हे काझुयाने मला सांगितलं. तोमिए-सानच्या आजोबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. घरोघरी रेडिओ नव्हता त्या काळात त्यांनी दुकानातून तारा ओढून प्रत्येक स्वयंपाकघरात खांबाला एकेक लाकडी खोकं ठोकलं. दुकानात आजोबा बोलले की साऱ्या गावाच्या चुलीपाशी ऐकू यायचं. खोक्याला बंद करायचं बटणच नव्हतं. ते त्यांनी मुद्दाम ठेवलं नव्हतं म्हणे. हे त्या घराचं पहिलं स्टेशन. एकदा वादळात एक होडी परत आली नाही. कुणीतरी येऊन सांगितलं आणि आजोबांनी होडीवाल्याच्या निधनाची बातमी देऊन टाकली. तिसऱ्या दिवशी तो माणूस, शेजारच्या बंदरात अडकलेला, रबरी बूट घालून दुकानात उभा. आजोबा हातातलं काम टाकून उठले. म्हणाले, “आत्ता, या क्षणी दुरुस्ती सांगतो.” तर तो म्हणतो, “घाई काय आहे? माझ्या नावाने लोक घरी साकेच्या बाटल्या आणून ठेवतायत. संध्याकाळपर्यंत थांबा की!”

गाव हसलं. आजोबा हसले नाहीत. खोक्यावरून दुरुस्ती सांगून त्यांचं समाधान झालं नाही. तारा जिथे जिथे गेल्या होत्या त्या प्रत्येक घराच्या दारात ते जाऊन वाकून आले. त्या दिवसापासून नियम झाला, की ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या तोंडावर आधी बोलायचं, मगच खोक्यात.

दुसरं स्टेशन तोमिए-सानच्या वडिलांचं. खोकी गेली, घरोघरी टीव्ही आले, तेव्हा त्यांनी बाजारपेठेच्या खांबांवर भोंगे लावले. सकाळी व्यायामाचं संगीत, दुपारी दुकानांतला ताजा माल. दोन लोणचेवाल्यांचं भांडण झालं तर एकाची जाहिरात वाचण्याआधी वडील दुसऱ्याच्या दुकानात जाऊन ती वाचून दाखवायचे. दुसरा शिव्या घालायचा. वडील त्या ऐकून घ्यायचे आणि मग भोंग्यावर यायचे. पुढे समुद्राची लाट आली. बाजारपेठ गेली, भोंगे गेले. वडील त्याच्या आधीच गेले होते.

तिसरं स्टेशन तोमिए-सानने त्या लाटेनंतरच्या आठवड्यात सुरू केलं, नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याजवळ, एका टेबलावर. पाणी कुठे मिळतंय, रस्ता कुठपर्यंत मोकळा आहे. आणि नावं. कोण कुठल्या शाळेत सुखरूप आहे त्यांची नावं. पण ज्याने स्वतः डोळ्यांनी पाहिलंय त्याच्या तोंडून आलेलंच नाव ती वाचायची. एक तरुण तिच्या टेबलावर मुठी आपटून ओरडला होता, “माझ्या बायकोला तिथे पाहिलंय असं ऐकलंय मी! वाचा ना!” तिने विचारलं, “कुणी पाहिलं?” त्याला सांगता येईना. तिने नाव वाचलं नाही. काझुया तिथे होता. म्हणाला, “आत्या रात्रभर उलट्या करत होती. पण वाचलं नाही.” त्या बाईचं पुढे काय झालं हे मी विचारलं. काझुयाने यंत्राची एक कळ पुसायला घेतली.

मला हे ऐकून आदर वाटायला हवा होता. वाटलाही. पण खरं सांगू? त्याच्याखाली जळफळाट होता. माणसं हिच्यावर विश्वास ठेवतात तो तीन पिढ्यांनी साठवलेला. मला कोण देणार तीन पिढ्या? माझ्या आजोबांच्या आवाजावर आमच्या घरातला कुत्रासुद्धा उठत नसे.

तर बस. माझ्या कापलेल्या पत्रकानंतर आठवड्याभराने तोमिए-सानने एक गोष्ट सुरू केली. सकाळी पावणेआठला, बस सुटायच्या आधी, ती त्या दिवशीच्या प्रवाशांची यादी वाचायला लागली. “आजची बस. टेकडीच्या टोकावरून किकुची आजी, डोळ्यांचा दवाखाना. देवळाखालून साइतो-सान, गुडघा. शाळेपासून मुराकामी नवरा-बायको, औषधं आणि नंतर नूडल्स.” बस एवढंच. निषेध नाही, मागणी नाही. त्यासाठी आदल्या दिवशी ती काठी टेकत टेकडीवर चढायची आणि प्रत्येकाला विचारायची, “उद्या नाव वाचू का? कुठे जाताय ते सांगू का?” कुणी नाही म्हटलं तर ‘आणखी दोन प्रवासी’ असं म्हणायची.

गाव त्या यादीला चिकटलं. मासळी बाजारात लोक काम थांबवून ऐकायचे. किकुची आजीच्या डोळ्याचं काय झालं, हे ज्यांनी आजीला कधी पाहिलं नव्हतं तेही विचारू लागले. नूडल्सवरून तर मुराकामींची रोज चेष्टा. एक दिवस खुद्द एंदो-सान बसमध्ये चढला, नगरपालिकेचा बिल्ला लावून, आणि आजीच्या शेजारी बसून हॉस्पिटलपर्यंत गेला. चार महिने मी सुपरमार्केटच्या दारात थंडीत उभी. माझ्याकडे निवेदनावर एकसष्ट सह्या. त्यातल्या सात प्रयोगशाळेतल्या.

सेंदाईहून सईताई आली होती, आमच्या विद्यापीठात पोस्टडॉक, मुलीला घेऊन. ती मुलगी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर देते. मी त्यांना स्टेशन दाखवायला नेलं. तासाभरात मुलगी तोमिए-सानच्या मांडीवर, आणि सईताई माझ्याकडे वळून म्हणते, “अगं, काय बाई आहे! तू हिच्याकडून शिक की काहीतरी. तुझं बोलणं म्हणजे कसं, सारखं कुणीतरी दार वाजवतंय असं वाटतं.”

“मग उघडायचं की दार,” मी म्हटलं.

“इतक्या जोरात वाजवल्यावर कोण उघडेल गं?”

मी दिवसभर तिच्याशी नीट बोलले नाही.

मग माझी चूक. नगरपालिकेने बसच्या फेरविचारासाठी ठेवलेली सुनावणी दोन आठवड्यांवर आली होती. तोमिए-सानला दाताच्या शस्त्रक्रियेसाठी दोन दिवस जायचं होतं. यादी वाचायला तिने मला बोलावलं. काझुयाचा आवाज माइकसमोर फुटतच नाही. ती सुजलेल्या गालाने म्हणाली, “नावं लिहून ठेवलीयेत. आहे तसं वाच.” मला काय झालं असेल! त्या खुर्चीत बसून मी पहिल्या दिवशी आहे तसं वाचलं. बाहेर पडले तर कोम्बिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातल्या, पोराने मला माझ्या आडनावाने, जपानी उच्चारात, हाक मारली. “बानकारु-सान, ऐकलं आज!” तीन वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. यादीत पाचच नावं. सुनावणी तोंडावर आणि पाच? मला ते सहन होईना. मंगळवारी आणि शुक्रवारी बसमध्ये आणखी एक माणूस असतो हे मला माहीत होतं. ओमोरी-सान, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे. मी हॉस्पिटलच्या दारात पत्रकं वाटत असताना त्यांनीच मला विचारलं होतं, तिसऱ्या मजल्याची लिफ्ट कुठली. मी वाचून टाकलं, “बंदरावरून ओमोरी-सान, तिसरा मजला.”

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर एकच दवाखाना आहे, विसरभोळेपणाचा. गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मला नव्हतं. मला फक्त सहावं नाव हवं होतं.

ओमोरी-सान घरी सांगत असत की मंगळवारी आणि शुक्रवारी मित्राकडे ‘गो’चा, काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा, डाव खेळायला जातो. बायकोने रेडिओवर ऐकलं. दुपारपर्यंत दोन होडीवाल्यांनी इंजिनं परत नेली. “घाई नाही, पुढच्या महिन्यात बघू,” असं अगदी नम्रपणे म्हणत. आणि शुक्रवारी ते बसला आले नाहीत. स्वतःचा छोटा ट्रक काढून किनाऱ्याच्या रस्त्याने हॉस्पिटलला गेले, कुणाच्या नजरेला पडायला नको म्हणून. ज्या माणसाला गिअर कुठला टाकला हे कधी कधी आठवत नाही, तो माणूस, त्या वळणांवर. बस कशासाठी हवी होती? नेमकी याच्यासाठी.

तोमिए-सान ओरडली नाही. ओरडली असती तर मी उलटून बोलले असते. मी म्हटलं, “उद्या मी माइकवर जाहीर माफी मागते.”

“म्हणजे ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनाही कळेल,” ती म्हणाली. “बूट घाल.”

ओमोरींचं दार त्यांच्या बायकोने उघडलं. तोमिए-सान दारातल्या फरशीवर गुडघे टेकून वाकली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गाल सुजलेला. मीही वाकले. माझ्या तोंडून जे जपानी बाहेर पडलं त्यात व्याकरण नव्हतं. ओमोरी-सान आतून आले. मोठे हात, नखांत काळं तेल. म्हणाले, “डॉक्टर म्हणतात मी विसरतो. हे मात्र विसरणार नाही.” मला वाटलं ते तोमिए-सानला म्हणतायत. ते माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला रेडिओवर तोमिए-सान म्हणाली, “आज बसची यादी नाही. चूक आमची झाली.” आणि काझुयाने गाणं लावलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी जिना धावत चढले. “सुनावणी आठवड्यावर आलीय! चुकले मी, शिक्षा मला द्या. यादी बंद करून तुम्ही बसचाच गळा घोटताय!”

“किकुची आजी मला नाव देते, कारण तिला वाटतं ते माझ्याकडे नीट राहील,” ती म्हणाली. “राहिलं नाही. आता कुठल्या तोंडाने मागू?”

“पण बस?”

“बस त्यांची आहे. माझीही नाही आणि तुझीही नाही.”

सुनावणीला मी मागच्या रांगेत बसले, हातात एकसष्ट सह्या आणि चार पानी भाषण घेऊन. दार उघडलं आणि टेकडीवरची माणसं यायला लागली. काठ्या, ढकलगाड्या, एकमेकांचे दंड धरून. अध्यक्षांनी कुणाला बोलायचंय का विचारलं. मी उठायच्या आत किकुची आजी उठली. “यादी कुणी वाचत नाही आता, म्हणून आपलं आपण सांगायला आले. किकुची. टेकडीचं टोक. डोळे.” बसली. “साइतो. देवळाखाली. गुडघा.” बसले. “मुराकामी. औषधं.” मागून बायको, “आणि नूडल्स.” हशा पिकला. एंदो-सान मान खाली घालून लिहीत होता. एकेक उठत होता, सांगत होता, बसत होता. माझं भाषण माझ्या हातात राहिलं. चार पानांत एकही नाव नव्हतं.

बस वाचली. अर्धी. रोजच्याऐवजी मंगळवार आणि शुक्रवार. लोक तोमिए-सानचं अभिनंदन करायला आले तर ती म्हणाली, “मी काय केलं? मी तर गप्प होते.” ते खरंच होतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. मी चार महिने ओरडून जे केलं नाही ते हिने दहा दिवस गप्प बसून केलं!

ओमोरी-सान मात्र ट्रकनेच जात राहिले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, बसच्या वीस मिनिटं आधी, तोमिए-सान स्टेशन काझुयाच्या गाण्यांवर सोडून बंदरावर जायची आणि त्यांच्या फाटकाबाहेर उभी राहायची. ती हाक मारत नसे, घंटी वाजवत नसे. ओमोरी-सान ट्रक बाहेर काढायचे, तिच्या शेजारून वळवायचे, निघून जायचे. ती ट्रक दिसेनासा होईपर्यंत उभी आणि मग परत. मला काझुयाकडून कळलं. पहिल्या दिवशी मीही गेले. तिने मला हाताने परत पाठवलं. “तुझं सांगून झालं. आता ऐकायचं काम माझं.” काय ऐकायचं? तो माणूस एक शब्द बोलत नव्हता!

मार्चमध्ये माझं काम संपलं. मी गाव सोडलं तो मंगळवार होता. दोन बॅगा घेऊन टेकडीवरून बसमध्ये चढले, हॉस्पिटलपाशी सेंदाईची गाडी पकडायची होती. बस बंदराच्या थांब्यावर आली. ओमोरींचं फाटक तिथून दिसतं. तोमिए-सान उभी होती, निळ्या रेनकोटात, पाऊस नव्हता तरी. आत ट्रकचं इंजिन सुरू झालं आणि पुन्हा बंद झालं. ड्रायव्हरने दार उघडं ठेवलं, घड्याळाकडे पाहिलं, बंद केलं नाही.

ओमोरी-सान फाटकातून चालत बाहेर आले. तिच्यासमोर थांबले. काहीतरी बोलले, काचेतून ऐकू आलं नाही. तिने हात पुढे केला आणि त्यांनी ट्रकची किल्ली तिच्या हातावर ठेवली. मग ते रस्ता ओलांडून बसमध्ये चढले, माझ्या पुढच्या आसनावर बसले. मला पाहिलं. ओळखलं. नमस्कार केला नाही.

बस निघाली तेव्हा तोमिए-सान अजून फाटकापाशीच होती. मी हात हलवला. तिचं लक्ष नव्हतं. ती मूठ बंद करून, ट्रक आतमध्ये नीट उभा आहे की नाही ते बघायला फाटकातून आत गेली.